गालिचा टाकू की बोका सोडू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं. घर कास्तकाराचं. कोठीतलं धान्य आणि घरात भरलेला कापूस उंदरांपासून वाचावा म्हणून दोन वर्षांपूर्वी बोका पाळला. उंदीर गेले, पण या आषाढापासून बोका समोरच्या खोलीतल्या गालिच्यावर लघवी करू लागला. गालिचा सहा बाय चार फुटांचा, ताईंच्या आईने लग्नात दिलेला. आई आता नाही. उकळतं पाणी, काळं फिनाईल, धुण्याचा सोडा, डांबरगोळ्या आणि शेवटी ग्रामपंचायतीतून मागून आणलेली टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, एवढं सगळं करून झालं. उन्हात घातला की वास जातो, पाऊस लागला की परत येतो. दिवाळीनंतर मुलीचं साक्षगंध आहे आणि पाहुणे त्याच खोलीत बसणार. यजमानांचं म्हणणं, बोक्याला एकदा खराट्याने मारलं त्याचा तो डूख धरतो, त्याला पोत्यात घालून दूरच्या गावात सोडून येतो. सासूबाई म्हणतात, गालिचाच फेका. ताई विचारतात, या दोनपैकी काय करू?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : उन्हात वास जातो, पाऊस लागला की परत येतो. म्हणजे रोज येणारा वास रोजच्या लघवीचा नाही. त्यातला बराचसा आषाढ-श्रावणातला जुनाच आहे, आणि बोका त्यासाठी रोज नव्याने शिव्या खातो आहे.

लघवीतलं पाणी उडून जातं. मागे राहतात क्षार, युरिया आणि मांजरांच्या बाबतीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत ते मादीपेक्षा कितीतरी जास्त असतं. जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, तो नाकाडोळ्यांत जाणारा वास. फेलिनिन तुटून जे गंधकाचे पदार्थ होतात, ती खास बोक्याची घाण, जी एकदा ओळखली की विसरत नाही. क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसे. धागा ओलसर झाला की जिवाणू पुन्हा कामाला लागतात आणि वास उठतो. उन्हाने वास फक्त झोपतो.

नवी घाण की जुनी, हे ओळखायला पांढरं सुती फडकं चारपदरी करून जागेवर ठेवा आणि तळहाताने मिनिटभर दाबा. फडक्यावर पिवळा ओलावा उतरला तर नवी. फडकं कोरडं राहिलं आणि वास मात्र येतोय, तर बोक्याला त्या दिवशी सोडून द्या. म्हणजे, घरातच.

आता तुम्ही जे केलंत त्याबद्दल. त्यात तुमची चूक म्हणावी असं काही नाही, गावोगाव हेच करतात. पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीने थोडं बिघडवलंच. बोक्याच्या लघवीत प्रथिनं बरीच असतात. उतू गेलेलं दूध शेगडीवर भाजून बसतं, तशी उकळत्या पाण्याने ती धाग्यावर बसतात. काळं फिनाईल वासावर दुसरा वास चढवतं, मोडत काहीच नाही. वर त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला पचत नाहीत. मांजर त्यावरून चालतं, पंजे चाटतं आणि आजारी पडतं. डांबरगोळ्या मांजराला विषारीच, आणि रांगतं मूल घरात असेल तर त्यालाही. धुण्याचा सोडा लोकर खरखरीत करतो. टीसीएल टाकल्यावर डोळे चुरचुरले असतील, घसा धरला असेल. ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन आणि लघवीतला अमोनिया भेटले की क्लोरामाइन वायू निघतो. शिवाय लोकर ब्लीचमध्ये अक्षरशः विरघळते.

म्हणून पुढचं काहीही करण्याआधी ही पावडर साध्या थंड पाण्याने पूर्ण धुऊन निघाली पाहिजे. तिच्यावर व्हिनेगर पडलं तर थेट क्लोरीन वायू सुटेल. एवढी एक गोष्ट विसरू नका.

मग गालिचा उलटा करा. टाकायचा की ठेवायचा याचा निम्मा निकाल त्याची पाठ देते. पुढचीच नक्षी मागे गाठी-गाठींनी स्पष्ट दिसत असेल तर तो हाताने गाठी मारून विणलेला, भदोही-मिर्झापूरकडे विणतात त्यातला. हा धुता येतो आणि जपला तर पुढच्या पिढीला जातो. मागे जाडंभरडं कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्यात धागे रबरी चिकाने धरलेले असतात. या कापडावर बोटं दाबून चोळा. आत कुरकुर वाजलं, खाली पिवळट भुकटी गळली, तर चीक मेला. उकळत्या पाण्याने आणि उन्हाने तो लवकर मरतो. असा गालिचा वाचत नाही, आणि लघवी चिकात मुरलेली असल्याने वासही जात नाही. तुमचा तसा निघाला तर आईची आठवण म्हणून कोरड्या कोपऱ्यातला दोन बाय दोनचा तुकडा कापा, शिंप्याकडून कडेने गोट मारून घ्या आणि देवापुढे बसायला आसन करा. उरलेला जाऊ द्या.

तिसरा प्रकार यंत्रावरचा प्लास्टिकच्या धाग्याचा, प्रदर्शनात नि बाजारात मिळतो तो. ओळखायला कडेचे दोन-चार केसाळ धागे उपटून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत. झालरीचा धागा घेऊ नका, लोकरीच्या गालिच्यालाही झालर बहुधा सुताचीच असते.

डाग नेमके कुठे आहेत हेही आधी शोधा. किराणा दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो, तो एका रात्रीसाठी मागून आणा. खोलीत पूर्ण अंधार करून हातभर अंतरावरून फिरवा. जुनी लघवी पिवळट-हिरवट चमकते. कपड्याच्या पावडरीचे अंश निळसर पांढरे चमकतात, त्याला फसू नका. खडूने प्रत्येक जागेला घेर काढा, आणि मग तो घेर वीतभर मोठा करा. लघवी वर वाटीएवढी दिसली तरी खाली ताटाएवढी पसरलेली असते. बहुतेकांचं काम इथेच फसतं. वरचा डाग पुसतात, खालची घाण तशीच राहते, चार दिवसांनी वर येते, आणि आळ बोक्यावर.

गाठीचा लोकरी गालिचा निघाला, असं धरून धुण्याची रीत सांगते. आधी रंगाची परीक्षा घ्या. ओलं पांढरं फडकं लाल आणि निळ्या भागावर मिनिटभर दाबा. रंग उतरला तर घरी धुऊ नका, नागपूर-अमरावतीकडे गालिचे धुणाऱ्याकडे द्या. नाही उतरला, तर कोरडं ऊन असलेला दिवस बघून सकाळी आठच्या आत सुरुवात करा. ओट्यावर किंवा स्लॅबवर उतार असेल तिथे पसरा, उलटा घालून काठीने धूळ झाडा, मग सुलटा करा. साधं थंड पाणी नळीने पंधरा-वीस मिनिटं पाठीपर्यंत मुरू द्या. क्षार आणि युरिया पाण्यात विरघळतात, त्यामुळे निम्म्याहून अधिक काम नुसतं पाणीच करतं. वायपरने केसांच्या दिशेने पाणी लोटत राहा. पहिलं पाणी पिवळं निघेल आणि वास असा सुटेल की शेजारी विचारतील. ते चांगलं लक्षण आहे.

साबण स्वेटर धुवायचा पातळ, दहा लिटरच्या बादलीत दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात साबणाची साय धाग्याला चिकटते आणि पुढे तीच मळ धरते. टाकीत पावसाचं पाणी साठवलं असेल तर ते वापरा. मऊ ब्रश केसांच्या दिशेनेच फिरवा, गोल घासू नका. पाणी नितळ निघेपर्यंत खळबळा. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. शिळी लघवी अल्कलीधर्मी होते, तिला ते मारतं, आणि लोकरीला सौम्य आंबट मानवतं. व्हिनेगर मिळालं नाही तर किराण्यातलं लिंबूसत एक चहाचा चमचा. लिंबू पिळू नका, मुंग्या येतील.

वाळवणं हे धुण्यापेक्षा अवघड. दोन बाजा शेजारी लावा, गालिचा पाठ वर करून आडवा टाका, म्हणजे वरून-खालून वारा लागेल. पाठीला ऊन चालतं. रंगाच्या बाजूला आपलं कडक ऊन फटका देतं. संध्याकाळी आत घेऊन कूलर पाणी बंद करून नुसता पंख्यासारखा लावा. दीड दिवसात आतला सुती ताणा कोरडा झाला पाहिजे, नाहीतर बुरशी धरेल आणि मग तिसराच वास सुरू होईल.

गालिचा प्लास्टिकच्या धाग्याचा असेल तर मोकळ्या हाताने वागता येतं. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. आपल्याकडे ते बहुधा सहा टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर वाचून घ्या. तेवढंच पाणी घातलं की तीन टक्के होतं. अर्धा लिटर द्रावणात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब आणि दोन चहाचे चमचे खायचा सोडा. हे गंधकाचे वास खरोखर मोडतं, झाकत नाही. आधी कोपऱ्यात लावून तासभर रंग बघा. मग डागाच्या मोठ्या घेरावर ओता, अर्ध्या तासाने टिपा. उरलेलं फेकून द्या. झाकण लावून ठेवलंत तर बाटली फुटेल. लोकरीला हे लावायचं नाही. रंगही उडतो, धागाही खराब होतो.

एन्झाइमचं क्लीनर म्हणून जे ऑनलाइन मिळतं तेही चांगलं, पण लोक ते फिनाईलसारखं वापरतात. शिंपडलं, पुसलं, झालं. त्यातले जिवाणू आणि एन्झाइम ओल असेपर्यंतच काम करतात. जितकी लघवी मुरली तितकं किंवा जास्त ओतायचं, वर ओलं फडकं आणि त्यावर खताच्या पोत्यातलं प्लास्टिक अंथरून बारा ते चोवीस तास झाकून ठेवायचं. मे महिन्यात झाकलं नाही तर अर्ध्या तासात वाळून जाईल आणि पैसे वाया. फिनाईल किंवा टीसीएल शिल्लक असेल तर ते या जिवाणूंनाच मारेल. आणि लोकरीसाठी घेताना बाटलीवर लोकरीला चालतं असं लिहिलेलं बघा. काहींतलं एन्झाइम प्रथिनं खातं, आणि लोकर हे प्रथिनच आहे.

ताज्या लघवीला एवढं काहीच लागत नाही. जुनं सुती लुगडं आठपदरी घडी करून जागेवर ठेवा आणि त्यावर पाटा ठेवा. वरवंटा नको, पाटाच, त्याचं वजन सारखं पडतं. दहा मिनिटांनी घडी बदला. मग तांब्याभर थंड पाणी, पुन्हा घडी, पुन्हा पाटा. चोळलंत तर पसरेल. शेवटी खायचा सोडा भुरभुरा, सकाळी झाडून घ्या. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घातल्याने जो फेस येतो तो बघायला छान असतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, डागाला काही होत नाही.

आता खालची फरशी. शहाबादी असेल तर तो चुनखडीचा दगड. व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड टाकलंत तर चमक जाऊन पांढरे चट्टे उठतील. वरच्या सोडा-पेरॉक्साइडच्या द्रावणात कपडा भिजवून सांध्यांवर तासभर ठेवा. सांध्यातलं सिमेंट स्पंजासारखं पितं, त्यामुळे दोन-तीनदा करावं लागेल. जमीन सारवणाची असेल तर उपाय सोपा. तेवढी जागा दोन-तीन बोटं उकरून माती बाहेर टाका, नवी माती ठोका, सारवा. ज्यांच्या घरी गादी ओली झाली आहे त्यांनी कापसाची गादी धुवायला घेऊ नये, ती आतून वाळत नाही. शिवण उसवून पिवळा कापूस काढून टाका, खोळ धुवा, आणि उरलेला पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. कुत्र्याच्या लघवीत ते फेलिनिन नसतं, त्यामुळे हेच सगळं कमी फेऱ्यांत होतं.

यजमानांच्या डुखाबद्दल. मांजराला राग येतो, भीतीही वाटते, पण खराट्याचा हिशेब गालिच्यावर चुकता करावा असं त्याच्या डोक्यात चालत नाही. सुरुवात आषाढात झाली, हे बघा. मांजराला कोरडी, भुसभुशीत, उकरता येईल अशी जागा लागते. उन्हाळाभर ती त्याला अंगणात तुराट्यांच्या ढिगाजवळ मिळत असणार. पाऊस पडला, काळ्या मातीचा चिखल झाला, पंजे रुततात. घरात त्या जागेसारखं मऊ आणि कोरडं काय, तर तुमचा गालिचा. एकदा वास बसला की ती त्याची ठरलेली जागा. मारल्याने तो एवढंच शिकेल की तुमच्यासमोर करायचं नाही, आणि दिवाणाखाली करेल.

तरी दिवाणामागची भिंतही बघा. फरशीपासून फूटभर उंचीवर खाली ओघळ आलेले असतील, तर ते वेगळं प्रकरण. उभं राहून, शेपूट थरथरवत मारलेली ती हद्दीची खूण. गावात दुसरा बोका फिरत असला की हे वाढतं. त्याला उपाय नसबंदी. बहुतेक बोक्यांची खूण मारण्याची सवय त्याने सुटते किंवा खूप कमी होते, मात्र परिणामाला काही आठवडे लागतात, म्हणून साक्षगंधाआधी हवी असेल तर आत्ताच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून जा, तिथला दिवस गाई-बैल-शेळ्यांतच जातो. तिथे होत नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था. चुन्याच्या भिंतीवरचा वास धुऊन जात नाही. तेवढा पोपडा खरवडून पुन्हा चुना द्या.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. बोका वारंवार बसतोय, कण्हतोय, आणि थेंबच पडतोय किंवा काहीच नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बोक्यांत हे होतं, आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. त्या दिवशीच डॉक्टर.

त्याला जागा करून द्या. पसरट घमेलं किंवा टब, त्यात तीन बोटं चाळलेली कोरडी रेती. काळी माती नको, ओली झाली की पंजाला लाडू चिकटतात. राखही नको, ती पंजाला लागते आणि चाटण्यात जाते. आरा मशीनवरचा भुसा चालेल. घमेलं पहिले आठ दिवस गालिच्याच्याच जागी ठेवा, मग रोज हातभर न्हाणीकडे सरकवा. आजच्या लघवीने ओलं झालेलं थोडं फडकं रेतीत पुरलंत तर जागा त्याला कळेल. घाण रोज काढायची, आठवड्याने रेती पूर्ण बदलायची. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिने करू नये. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू लागू शकतो.

यजमानांना सांगायचं तर नुकसानीच्या भाषेत सांगा. दसऱ्यानंतर वेचा सुरू होईल आणि घरात कापसाचा ढीग लागेल. मऊ, कोरडा, उकरता येणारा. गालिचा फेकून मोकळे झालात आणि घमेलं ठेवलं नाही, तर बोका पुढे कुठे जाणार हे वेगळं सांगायला नको, आणि ओल्या पिवळ्या कापसाला व्यापारी काय भाव देतो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पोत्यात घालून सोडलं तर उंदीर पंधरवड्यात परत येतील, आणि मोकळ्या हद्दीत दुसरा बोका शिरेल तो वेगळाच. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. दंड पहिल्या खेपेला दहा ते पन्नास रुपये, म्हणजे धाक असा काही नाही, पण गुन्हा तो गुन्हा.

धुऊन झाल्यावर गालिचा लगेच अंथरू नका. वास गेला की नाही हे तुमच्या नाकाला कळणार नाही, चार महिन्यांत ते सरावलं आहे. संध्याकाळी जुन्या डागांच्या जागी हाताने थोडं पाणी शिंपडा, खोली रात्रभर बंद ठेवा, आणि सकाळी दार उघडायला शेजारच्या घरातल्या कुणाला तरी बोलवा, शक्यतो तिखट जिभेच्या बाईला. तिने नाक मुरडलं तर आणखी एक धुणं बाकी आहे. साक्षगंधाच्या आठ दिवस आधीपर्यंत ती नाक मुरडतच असेल, तर गालिचा गुंडाळून माळ्यावर टाका आणि त्या दिवशी स्वच्छ सतरंजी घाला. पाहुणे तिच्यावर जास्त मोकळे बसतील.